शंभरपर्यंत म्हणते, पण सात चिमटे काही देत नाही

वाचक आईचं पत्र, थोडक्यात :

माझी मुलगी पाच वर्षं दोन महिन्यांची आहे. एक ते शंभर धडाधड म्हणते, फक्त एकोणतीस, एकोणचाळीस आले की घसरते. मला वाटायचं तिचं गणित छान चाललंय. परवा कपडे वाळत घालताना तिला म्हटलं, 'सात चिमटे दे', तर तिनं मूठभर चिमटे उचलून हातावर ठेवले. मोजायला लावलं तर बोट एकीकडे आणि तोंड भलतीकडे. तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास तिला घेऊन बसते. अंक गिरवून झाले, बेरजांचे कागद झाले, मोबाइलवरचं एक ॲपही झालं. पंधराव्या मिनिटाला रडारड ठरलेली. ओळखीतला तिच्याच वयाचा एक मुलगा पाचापर्यंत पाढे म्हणतो. सासूबाईंचं म्हणणं, पाढे पाठ करून घे, बाकी आपोआप येईल. नवरा म्हणतो, अबॅकसच्या क्लासला घालू. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरी खेळातून शिकवा. पण खेळातून म्हणजे नेमकं काय करायचं? खेळून खरंच गणित येतं, की तो नुसता वेळ घालवणं? मला स्वतःला शाळेत गणिताची धडकी भरायची, ती तिच्यात उतरेल का, हीसुद्धा भीती आहे. शिवाय तीन वर्षांचा धाकटा आहे. काहीही मांडलं की तो उधळतो.

उत्तर :

तुमच्या पत्रातला सगळ्यांत कामाचा भाग चिमट्यांचा आहे. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलाय, पण बेरजांच्या कागदांतून जे कळलं नसतं ते त्या मूठभर चिमट्यांनी सांगितलं : मुलीला आकडे पाठ आहेत, संख्या अजून पुरती हाती आलेली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या वयात त्यांच्यात अंतर असलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

'एक, दोन, तीन, चार' हे लहान मुलाला आधी बडबडगीतासारखं येतं. पुढचा शब्द मागच्याला चिकटून येतो, अर्थ कळावा लागत नाही. मोजायचं म्हटलं की त्या गाण्याबरोबर आणखी दोन कामं करावी लागतात. एका वस्तूला एकच शब्द द्यायचा, कुठली वगळायची नाही आणि कुठली दोनदा धरायची नाही, हे एक. आणि शेवटचा शब्द हे शेवटच्या वस्तूचं नाव नाही, सगळ्या ढिगाचं माप आहे, हे उमगणं दुसरं. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागची अशी पाच तत्त्वं मांडली. उरलेली दोन म्हणजे काहीही मोजता येतं आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच येतं. पण घरात अडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या शब्दापाशीच.

मूल नेमकं कुठं आहे हे बघायला संशोधक जी चाचणी वापरतात, ती तुम्ही नकळत केलीच आहे : 'इतके दे'. कॅरन विन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच युक्ती होती. ती नीट करायची तर दहा-बारा चिमटे टोपलीत ठेवा आणि निवांत वेळी, खाली बसून मागा. आकडे क्रमानं मागू नका, नाहीतर ती दर वेळी एक वाढवत जाईल. तीन, मग एक, मग चार, मग दोन, असे मागा. टोपलीत नेमके तेवढेच चिमटे उरले आहेत असं होऊ देऊ नका. तुमची नजर सांभाळा. पुरेसे झाले की आईचा चेहरा खुलतो आणि मूल आकड्याऐवजी चेहरा वाचतं. एकेक आकडा वेगवेगळ्या वेळी तीनदा मागा. दोनदा बरोबर आला तर तो तिला कळलाय असं धरा. जिथून मूठ भरायला सुरुवात होते, ती तिची सध्याची हद्द.

मुलं आधी 'एक'चा अर्थ पक्का करतात, काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा. त्यानंतर कधीतरी एकदम सगळ्याच आकड्यांची किल्ली सापडते. पुष्कळ मुलांचं हे चौथ्या वर्षाच्या आगेमागे होतं, पण मुला-मुलांत बराच फरक असतो. तुमची मुलगी शांतपणे मागितल्यावर चार-पाच बरोबर देत असेल, तर त्या दिवशी तिनं कपडे हातात घेऊन उभ्या असलेल्या घाईतल्या आईला फक्त वाटेला लावलं! तीनलाच थांबत असेल, तर तीनपासून सुरू करायचं, इतकंच. ही परीक्षा महिन्यातून एकदा पुरे. रोज घेतलीत तर तोही अभ्यास होईल.

आता 'बोट एकीकडे, तोंड भलतीकडे' याकडे बघू. एकदा तिच्या शेजारी बसून काही न बोलता नुसतं बोटाकडे लक्ष द्या. सहा चिमटे जमिनीवर पसरलेले. बोट पहिल्यावर टेकतं, 'एक'. दुसऱ्यावर, 'दोन'. तेवढ्यात तोंडाला गाण्याची लय सापडते आणि 'तीन-चार' एका दमात निघतं, बोट मात्र एकाच चिमट्यावर. पुढं बोटाला घाई होते, ते एका चिमट्यावरून न टेकताच सरकतं. शेवटी सुरुवात कुठून केली ते विसरल्यामुळे पहिलाच चिमटा पुन्हा मोजला जातो. या तीन निरनिराळ्या चुका आहेत आणि कधीकधी त्या एकमेकींना खोडून उत्तर बरोबरही आणतात. तिन्हींवर उपाय एकच : बोट दाखवणं बंद, वस्तू हलवणं सुरू. चिमटा टोपलीतून उचलायचा, पुठ्ठ्याच्या कडेला लावायचा आणि लागला की शब्द बोलायचा. तो दाबून उघडायला जो क्षणभर वेळ लागतो, तोच तोंडाला लगाम घालतो. मोजलेले एका जागी, न मोजलेले दुसऱ्या जागी, म्हणून दोनदा मोजायचीही सोय राहत नाही. मण्यांपेक्षा किंवा बटणांपेक्षा चिमटे बरे ते यासाठी.

मोजून झाल्यावर 'मग किती झाले?' असं विचारलं की काही मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात. आई वैतागते, 'अगं, आत्ताच मोजलेस ना!' पण मुलीच्या कानांना 'किती' हा प्रश्न नाहीच, तो 'मोज' असा हुकूम वाटतो. इथं क्रम उलटा करा. आधी तुम्हीच सांगा, 'हे पाच चिमटे,' मग मोजून दाखवा, आणि शेवटी पुन्हा, 'पाच चिमटे'. दिवसभरात अशी वाक्यं सहज बसतात : चार मोजे वाळत आहेत, सहा चमचे पुसायचे राहिलेत. एलिझाबेथ गंडरसन आणि सुझन लेव्हिन यांनी २०११ साली दाखवलं की डोळ्यांसमोरच्या वस्तू मोजण्याचं, त्यांची संख्या सांगण्याचं बोलणं जिथं जास्त होतं, विशेषतः चार ते दहाच्या समूहांचं, तिथल्या मुलांना पुढं संख्येचा अर्थ जास्त चांगला कळलेला होता. समोर काही नसताना केलेल्या आकड्यांच्या बोलण्याचा तसा संबंध दिसला नाही. शंभरपर्यंतची उजळणी थांबवली तरी चालेल, ती तिला येतेच.

खेळून खरंच येतं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण 'खेळातून शिक्षण' या नावाखाली वाटेल ते खपवलं जातं. एका खेळाबद्दल मात्र चांगला पुरावा आहे आणि तो बनवायला वीस मिनिटं लागतात. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमणी यांनी २००८ साली चार-पाच वर्षांच्या मुलांना एका सरळ पट्टीवरचा सोंगटीचा खेळ दिला, दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका. पट्टीवर १ ते १० अंक होते. दुसऱ्या गटाला तोच खेळ दिला, पण अंकांऐवजी रंग. अंकवाल्या मुलांचं मोजणं, अंक ओळखणं आणि कुठली संख्या मोठी हे सांगणं सुधारलं, आणि नऊ आठवड्यांनंतरही ते टिकलेलं होतं. रंगवाल्यांचं नाही. म्हणजे 'खेळ' या शब्दात जादू नाही. खेळात संख्या कशी मांडली आहे, यावर सगळं आहे.

ती पट्टी अशी करा. ५० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद पुठ्ठा घ्या, त्यावर दहा सारखे चौकोन आखा आणि डावीकडून १ ते १० लिहा. चौकोन काटेकोर सारखे हवेत. आठपर्यंत जाताना चारच्या दुप्पट अंतर, दुप्पट उड्या, दुप्पट शब्द आणि जवळपास दुप्पट वेळ लागतो, म्हणून आठ हे चारापेक्षा किती मोठे ते हाताला, कानाला आणि डोळ्याला एकदमच कळतं. फासा इतक्यात नको, सहाचं दान पडलं की दोन खेळींत डाव संपतो. वाटीच्या तोंडाएवढ्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवा. एका बाजूला एक ठिपका, दुसऱ्या बाजूला दोन. (डब्याचं झाकण वापरायचा मोह होतो, पण खोलगट झाकण पुन्हा पुन्हा एकाच बाजूवर पडतं. नाणं धाकट्याच्या तोंडात जाईल.) सोंगट्या म्हणून छोट्या गाड्या किंवा प्राणी चालतील. साधारण सात खेळ्यांत डाव संपतो, एका बैठकीत तीन-चार डाव होतात. दहावर नेमकंच पोचलं पाहिजे असा नियम ठेवू नका, मूल नवावर अडकून कंटाळतं.

सगळी मेख आहे ती सोंगटी हलवताना काय म्हणायचं यात. मुलगी तीनवर आहे आणि दोन ठिपके पडले. ती म्हणेल, 'एक, दोन'. तिला 'चार, पाच' म्हणायला लावा, म्हणजे ज्या चौकोनात सोंगटी पडते त्याचं नाव. 'एक, दोन' म्हटलं की पट्टीवर अंक असून नसल्यासारखे होतात. मोठ्या, शंभरपर्यंतच्या पटावरही हाच फरक पडल्याचं पुढच्या संशोधनात दिसलं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उभ्या चौकोनालाच पहिलं धरणं : तीनवर असताना तीनवरच टिचकी मारून 'तीन, चार'. तिथं नियम सांगू नका. सोंगटी उचलून हवेत धरा आणि म्हणा, 'उडी मारल्याशिवाय शब्द नाही.' चार-पाच डावांत बसतं. पट्टी अंगवळणी पडली की ११ ते २० ची दुसरी पट्टी उजवीकडे जोडा.

मग सापशिडी का नाही? ती वाईट नाही, पण इथं ती लवकर आहे. सापशिडीत पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे, आणि अकरा नेमका दहाच्या डोक्यावर येतो. संख्या वाढते ती कुठल्या दिशेला, याचा पाच वर्षांच्या डोक्यात गोंधळ होतो. शिवाय डाव लांबतो, आणि नव्वदीतल्या सापानं गिळलं की पुढची दहा मिनिटं गणित नव्हे, समजूत काढणं चालतं. दोन वर्षांनी काढा.

घरात पत्ते असतील तर फार मोठी सोय आहे. पत्त्यावर अंक आणि तेवढीच चिन्हं शेजारी-शेजारी असतात, म्हणजे उत्तर तपासायला आई लागत नाही. गुलाम, राणी, राजा बाजूला काढा, एक्क्यावर पेनानं १ लिहा. उरले चाळीस. सुरुवातीला एक्का ते पंजा एवढेच वीस घ्या. दोघींनी एकेक पत्ता उलटायचा, मोठा ज्याचा त्यानं दोन्ही घ्यायचे. ती अंक न बघता चिन्हं मोजत बसली तर मोजू द्या. सरावानं तीन चिन्हं एका नजरेत कळतात, पाच म्हणजे 'चार कोपरे आणि मधला' असं दिसायला लागतं, आणि मोजणं आपोआप सुटतं. एखाद्या वेळी विचारा, 'कितीनं मोठा?' हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कठीण असतो. उत्तर आलं नाही तर दोन्ही पत्त्यांवर चिन्हांइतके चिमटे ठेवा, जोड्या लावा, आणि बिनजोडीचे उरतील ते मोजा.

पुढं दोन-दोन पत्त्यांची बेरीज. पाच आणि दोन आले तर ती सगळी चिन्हं एकपासून मोजेल. 'पाच मनात धर आणि पुढं मोज' हे सांगून येत नाही, उलट तिचा मनावरचा भरवसा जातो. त्याऐवजी मोठा पत्ता बघून झाला की पालथा घाला. आता पाचाची चिन्हं दिसतच नाहीत, मोजणार काय? बहुतेक मुलं क्षणभर थबकतात, पालथ्या पत्त्यावर हात ठेवतात, 'पाच' म्हणतात आणि दुसऱ्या पत्त्यावर बोट नेऊन 'सहा, सात'. दुसरा पत्ता सुरुवातीला एक्का किंवा दुर्रीच ठेवा. बोटं वापरली तर अजिबात हटकू नका. बोटं लपवायला लावली की मूल टेबलाखाली मोजतं, एवढाच फरक पडतो.

बदाम सात तुम्हाला येतच असेल. सातच्या एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला आठ, म्हणजे 'आधीचा' आणि 'नंतरचा' यांचा याहून चांगला सराव नाही. लहान हातात तेरा पत्ते मावत नाहीत म्हणून दोनच रंग घ्या, एक्का ते दश्शी, दोघींत दहा-दहा. पत्ते उघडे मांडायला जाड पुस्तक उभं करून आडोसा करा. इथं शिकवायचं काही नाही, फक्त खेळायचं.

एक खेळ मी सगळ्यांपेक्षा वर ठेवीन आणि त्याला लागतो एक कपड्यांचा हँगर. खालच्या दांडीला पाच चिमटे लावा. तिच्यादेखत मोजा : पाच. मग काही डावीकडे, काही उजवीकडे सरकवा आणि एका बाजूवर रुमाल टाका. बाहेर तीन दिसताहेत, आत किती? सांगितलं की रुमाल उचलायचा. नंतर तिनं लपवायचं, तुम्ही ओळखायचं, आणि अधूनमधून जरा विचार करत मोठ्यानं बोलायचं : 'बाहेर चार... पाचाला एक कमी... आत एक!' पाच म्हणजे चार-एक, तीन-दोन, हे न मोजता यायला लागलं की सहा चिमटे. मग सात. दहापर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागले तरी काही बिघडत नाही. लोक चुकतात ते इथं : पाच जमलं म्हणून दुसऱ्याच दिवशी दहा. दहाच्या जोड्या पक्क्या झाल्या की पुढची हातच्याची बेरीज निम्मी झालेली असते, म्हणून घाई होते, आणि घाईत मूल पुन्हा एकेक मोजायला लागतं.

आता एकोणतीस. इथं दोष मुलीचा कमी आणि भाषेचा जास्त. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात, एकवीसला 'दोन-दहा-एक'. दहा शब्द आले की नव्व्याण्णवपर्यंत वाट मोकळी. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा पाठ करावा लागतो. त्यातून आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर : 'पंच' आणि मग 'वीस'. लिहिताना मात्र दोन आधी. पंचवीस ऐकून मुलानं ५२ लिहिलं तर ते ऐकलं तसं लिहितंय. जर्मन मुलांचंही असंच होतं, त्यांच्याकडेही 'पाच आणि वीस' असा क्रम आहे. आणि एकोणतीस तर तिसाला एक उणा. अठ्ठावीसपर्यंत विसाच्या घरात वावरलेल्या मुलाला अचानक तीस ऐकू येतं. तुमची मुलगी तिथं घसरते, म्हणजे तिचा कान जागा आहे.

स्ट्रॉ कापून तीस काड्या करा. दहा-दहा मोजून रबर लावायचं काम तिचंच. आयत्या जुड्या दिल्या तर ती एका जुडीला 'एक' म्हणते आणि त्यात दहा आहेत हे विसरते. तिच्यासमोर तीन जुड्या मांडा : तीस. मग एका जुडीचं रबर सोडून एक काडी काढून घ्या. 'तिसातली एक गेली. एक उणा तीस. एकोणतीस.' ती काडी तिच्या हातात द्या, परत ठेवू द्या, पुन्हा काढू द्या. शब्द अचानक फोडून दाखवल्यासारखा होतो. मग दोन जुड्या घेऊन एकोणीस ती स्वतःच करून बघेल. २५ लिहायचं ते 'दोन जुड्या, पाच सुट्या' असं बोलून, डावीकडे जुड्या, उजवीकडे सुट्या. लेखन मात्र वेगळा विषय आहे. ३ आणि ६ ही आरशातली भावंडं, या वयात ती उलटीसुलटी होतात. त्याचा संख्या कळण्याशी संबंध नाही, हाताच्या वळणाशी आहे.

तुमच्या भीतीबद्दल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांमध्ये असं दिसलं की गणिताची धास्ती असलेले पालक वारंवार गृहपाठाला मदत करायचे, तेव्हा मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची स्वतःची धास्ती वाढली. तसेच धास्तीवाले पालक क्वचित मदत करायचे तिथं हा परिणाम दिसला नाही. म्हणजे भीती नुसती रक्तातून उतरत नाही, ती वही उघडून शेजारी बसण्यातूनही उतरू शकते. संध्याकाळचा तो अर्धा तास आजपासून बंद करा. त्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस, तुम्ही बाई म्हणून नव्हे, प्रतिस्पर्धी म्हणून बसायचं. ती थांबू म्हणायच्या आत तुम्हीच डाव मोडा. आणि 'मला कधीच गणित आलं नाही बाई' हे वाक्य तिच्यादेखत कुणाशीही बोलू नका, फोनवरसुद्धा.

ती चुकली की 'चूक' म्हणायची गरज नसते. 'मला पाच वाटले, थांब, बघते,' म्हणून तुम्ही चिमटे हलवत मोजा. 'कसं काढलंस?' हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारत जा. फक्त चुकल्यावर विचारलात तर चार दिवसांत ती तो प्रश्न ऐकताच उत्तर बदलायला शिकेल. ॲपचा दोष नेमका इथं आहे : चुकीचं बटण दाबलं की दुसरं दाबायचं, गाणं वाजेपर्यंत. हरल्यावर रडत असेल तर मुद्दाम हरू नका, मुलांना ते कळतं. दोघी मिळून एकच सोंगटी चालवा आणि दुसरी सोंगटी एखाद्या बाहुलीची करा, म्हणजे हरवायचं ते बाहुलीला.

सासूबाईंचं पूर्ण चूक नाही. पाढे पुढं लागतातच, आणि पाठ असलेले पाढे फार उपयोगी पडतात. फक्त 'बे त्रिक सहा' म्हणणाऱ्या मुलाला दोन-दोनच्या तीन जोड्या डोळ्यांसमोर दिसत नसतील तर तेही एक गाणंच. सासूबाईंना मोज्यांच्या जोड्या लावायचं काम नातीबरोबर वाटून द्या : एक जोडी दोन, दोन जोड्या चार, तीन जोड्या सहा. बेचा पाढा तिथूनच सुरू होतो आणि आजींची हौसही राहते. ओळखीतल्या त्या मुलाला चिमटे मागायला मात्र जाऊ नका, मैत्री टिकायला हवी. अबॅकसचा क्लास मी सध्या तरी घेणार नाही. तिथला भर भरभर आकडेमोड करण्यावर असतो आणि तुमच्या मुलीची अडचण वेगाची नाहीच.

तज्ज्ञाला कधी विचारायचं? तीन-चार महिने असं खेळूनही ती तीन वस्तू खात्रीनं देऊ शकत नसेल, दोनचा आणि पाचचा ढीग बघून जास्त कुठे ते सांगता येत नसेल, किंवा आधी येत असलेलं सुटत चाललं असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग बालरोगतज्ज्ञांशी बोला. एकोणतीसला अडखळणं किंवा अंक उलटे काढणं या यादीत नाही.

राहिला धाकटा. तो उधळतो कारण त्याला काम नाही. चकती उडवायचं काम त्याला द्या, दोन्ही बाजूंसाठी तोच उडवणार, आणि पडली की 'एक' की 'दोन' तेही त्यानंच ओरडून सांगायचं. तीन वर्षांच्या मुलाचं गणित साधारण तिथपर्यंतच आलेलं असतं. हँगरचा खेळ मात्र तो झोपल्यावर काढा, कारण रुमाल ओढायचा मोह त्याला आवरणार नाही.